मिठागरातले लपण

मी नारळाच्या झापांचे एक जुने लपण आहे. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून जिच्या आड बसतात, ती बांबूची खोपटी. तारापूरजवळच्या पडीक मिठागरात माझी सकाळ अशी उजाडे: ओहोटीचे पाणी खाडीकडे सरके, दूरवर कारखान्याचा भोंगा वाजे आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखलात उतरत. ऊन चढले की जमिनीवरच्या घरट्यातली मादी उठे, पोट पाण्यात भिजवून येई आणि अंड्यांना गारवा देई.

मित्रांनो, पाहुण्यांना पाखरे दाखवायला मला केदारने बांधले. बांबू त्याने वाडीतून तोडून आणले, झाप त्याच्या दमयंतीकाकींनी विणले. पाहुण्यांचे पाय रुतू नयेत म्हणून त्याने बांधापासून माझ्यापर्यंत विटांची वाट घातली. घरटी किती जवळून दिसतात, असे म्हणत पाहुणे माझ्या बांबूंवरून हात फिरवत. मीही सुखावत असे.

मग एके दिवशी एक घरटे रिकामे दिसले. कावळ्याने नेले असेल, असे केदार म्हणाला. पाठोपाठ दुसरे गेले. मादी ओरडत घिरट्या घाली, पुढे तीही येईनाशी होई. मला कारण ठाऊक होते. सांगायला तोंड नव्हते. पहाटे वस्तीकडून भटकी कुत्री येत. पूर्वी ती चिखल पाहून बांधावरूनच परतत. आता विटांवरून, चिखलात न रुतता, थेट माझ्या दारापर्यंत येत.

एकच घरटे उरले, तेव्हा काकी विटेवरचा कुत्र्याच्या पंजाचा ठसा वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

“कावळ्याला कशाला नाव ठेवतोस? वाट आपणच घातली रे.”

“काकी, रविवारी शाळेची पोरं येणार हायत. तेवढं होऊन जाऊ दे.”

“त्यांना दाखवशील काय? कवचं?”

केदारने फावडे उचलले.

मित्रांनो, पाखरांवर माया असेल तर ती लांबूनच करा. आपल्या पावलांमागून कोण येते, हे आपल्याला दिसत नसते.

केदारने एकेक वीट उपसली. काकींनी माझ्या सुंभाच्या गाठी सोडल्या आणि स्वतः विणलेले झाप गुंडाळले. मग केदारने फावड्याने बांध कापला. भरतीचे पाणी वाटेवर पसरत गेले. घरट्याचा उंचवटा तेवढा कोरडा राहिला. मादी अजून वरच घिरट्या घालत होती. माझे बांबू खांद्यावर घेऊन दोघे निघाले. ती खाली उतरते की नाही, हे पाहायला कुणीही मागे वळले नाही.