धाकटीचा पाय

थोरली आणि धाकटी या दोघी जावा. एकाच लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलांशी समोरासमोर, दिवसाचे नऊ तास उभ्या. चौदा वर्षांपूर्वी थोरलीच्या उजव्या पायातली फुगलेली शीर कापून, ओढून काढली होती. जांघेपासून घोट्यापर्यंत टाके आणि महिनाभर अंथरूण. त्या महिन्यात सासूबाईंनी केलेलं वाकडं तोंड ती विसरली नव्हती.

आता धाकटीच्या पोटरीवर तसेच निळे पीळ उठले. सोबतीला थोरलीच गेली. आता कळेल हिला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत शीर शोधली, पाय तेवढा बधिर केला, गुडघ्याजवळ सुईएवढ्या भोकातून बारीक तार आत सरकवली आणि लेझरच्या उष्णतेने शीर आतल्या आत बंद केली. तासाभरात धाकटी घट्ट मोजा चढवून आपल्या पायांनी बाहेर आली.

"झालं?"

"झालं. एक टाका नाही. चहा घेऊ या का, ताई?"

थोरलीने अर्धा चहा कपातच ठेवला. घरी सासूबाईंनी धाकटीच्या पायाखाली स्वतः उशी सरकवली, तेव्हा तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

नर्सने थोरलीला बजावलं होतं, "रोज चालू द्या, पण आठवडाभर एका जागी उभं राहू देऊ नका." थोरलीने ते गिळून टाकलं. म्हणाली, "एवढंसं तर भोक. हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलाय, उद्यापासून ये."

धाकटी आली. चौथ्या दिवशी तिची मांडी काळीनिळी पडली, पाऊल सुजून चपलेत मावेना.

"उभं राहायला कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई रागावल्या.

"माझी मीच गेले. घरी करमेना."

थोरलीने मान खाली घातली. चांगुलपणातही हीच पुढे, हे तिला जास्त झोंबलं. शीर नीट बंद झाली होती, सूज उतरणार होती, एवढं ऐकून दोघी निघाल्या. दवाखान्याच्या जिन्यात थोरली थांबली.

"नर्सने मला सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"माहितीये. दवाखान्याने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं."

"मग आलीस कशाला?"

धाकटीने कठडा धरला. "तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नवी नवरी. लाँड्रीतले तुमच्या वाटणीचे कपडेही मीच करायची आणि तुम्ही पडून आहात म्हणून रोज तुमच्या नावाने बोटं मोडायची. पाय बरा होऊ नये, असंसुद्धा एकदा मनात आलं होतं. म्हटलं, फिटू दे."

थोरली पायरीवरच बसली. तिला रडू आलं नाही, उलट हसू फुटलं. "मेले, तरीच तो पाय महिनाभर बरा होईना."

दुसऱ्या दिवशी चादरी थोरलीने एकटीने केल्या. संध्याकाळी ती धाकटीबरोबर फिरायला गेली. महिन्याभराने धाकटीचा पाय नितळ झाला. थोरलीची नजर अजून त्यावर जाते, आणि गेली की धाकटी साडी जरा खाली ओढून घेते.