शेणखताचा तांदूळ

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या जयवंताच्या घरात दोन वर्षं वाण्याचा तांदूळ शिरला नव्हता. सल्फेटच्या खतावर वाढलेलं धान्य माणसाला आतून पोखरतं, असं त्याने एका व्याख्यानात ऐकलं होतं. तेव्हापासून रेवदंड्याजवळच्या त्याच्या शेतातला, निव्वळ शेणखतावर पिकलेला, हातसडीचा तांदूळ दर महिन्याला लाँचने भाऊच्या धक्क्यावर यायचा. पाठवणारा बुधाजी, त्याचं कूळ. जयवंत बी.ए. होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालणं चाळीला परवडत नसे.

छप्पनच्या जानेवारीत त्याची आई, जाईबाई, टायफॉइडमधून उठली. उठली म्हणजे ताप गेला. ती खाटेवरच होती. डॉक्टर म्हणाले, "आता औषध पुरे. दर दोन तासांनी पेज, मऊ भात, काहीही पोटात जाऊ द्या. खंड पडू देऊ नका."

"काहीही" हा शब्द जयवंताला आवडला नाही.

त्याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याची बातमी आली आणि शहर पेटलं. हरताळ, गोळीबार, कर्फ्यू. जयवंताच्या डब्यातला तांदूळ संपला होता. नवं पोतं धक्क्यावर येऊन पडलं होतं, पण मधल्या रस्त्यांवर गोळ्या होत्या.

आमच्या हिने पेज केली आणि वाटी घेऊन त्याच्या दारात गेली. मागे मी.

"राधावहिनी, राग मानू नका," जयवंत म्हणाला. "तांदूळ कुठला?"

"वाण्याकडचा."

"वाण्याकडे कुठून आला?"

"विचारलं नाही. त्याच्याशी सोयरीक करायची नव्हती मला."

"वहिनी, आईची आतडी कागदासारखी झालीत. त्यांवर सल्फेट ओतू?"

आतून जाईबाईंचा आवाज आला. "राधे, आण गं इकडे. मी नाही खत विचारणार."

"आई, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"मला दोन तासांचं सांगितलंय रे, मेल्या."

जयवंताने तिला तुळशीचं पाणी मध घालून पाजलं. लंघनानेही शरीर शुद्ध होतं, हे त्याच व्याख्यानात होतं. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. जयवंताने तो पाळला. वाटी भरलेलीच परत आली. ती पेज मी प्यालो. चांगली झाली होती.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून जाईबाईंचं बोलणं ऐकू येईना. मी गेलो.

"जयवंता, एका वाटीने काय बिघडणार आहे?"

"तात्या, तुमची आई असती तर तुम्ही काय दिलं असतंत?"

"घरात असेल ते."

"तोच तर फरक आहे," तो म्हणाला.

माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी घरी आलो. त्या वेळी मला वाटलं, मी सभ्यपणाने वागलो.

चौथ्या दिवशी सकाळी जयवंत कर्फ्यूत बाहेर पडला. जिन्यात मी त्याला अडवलं, तर म्हणाला, "आईसाठी जातोय." दोन पावलांवर आमचा तांदळाचा डबा होता.

तो दिसेनासा होताच आमची ही पेज घेऊन धावली. जाईबाईंनी दोन चमचे गिळले. तिसरा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला.

जयवंत दुपारी परतला. सदरा फाटलेला, पाठीवर लाठीचे वळ, खांद्यावर पोतं. त्याने पोतं जपून भिंतीला टेकवलं, मग खाटेकडे पाहिलं.

दहाव्या दिवशी आम्ही बाणगंगेवर होतो. पिंड त्याच तांदळाचे. कावळा खोळंबवतो, तेव्हा गेलेल्याला काय हवं होतं ते आठवून एकेक वचन द्यावं लागतं. जयवंताने मनात यादी केली होती : काशीयात्रा, गावी असलेल्या धाकट्या बहिणीचं लग्न. यादी सुरू करायची वेळच आली नाही. तो मागे सरतो न सरतो तोच कावळ्याने चोच घातली.

"भाग्यवान बाई," गुरुजी म्हणाले. "काही मागणं उरलं नव्हतं."

"तात्या, शेणखताचाच आहे हा," जयवंत हळूच म्हणाला. "शुद्ध."

"भातच हवा होता तिला," मी म्हटलं.

कावळा उडून शेजारच्या लोकांनी ठेवलेल्या पिंडावर जाऊन बसला. त्यांनी तांदूळ कुठून आणला होता कोण जाणे. तोही त्याने तितक्याच आवडीने खाल्ला. जयवंत तो संपेपर्यंत तिकडे बघत उभा राहिला.