तिसरी वायर

त्या शनिवारी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर माझ्याइतका अडकलेला माणूस दुसरा नव्हता, आणि अडकवणाराही मीच होतो. पण हे मला तेव्हा कबूल नव्हतं. तेव्हा मी सगळा राग फोनवर काढत होतो.

मी मुरारी. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाटाच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे. तिथे जुन्या व्हिडिओ गेमची आठ मशिनं आहेत, नाणं टाकून उभ्याने खेळायची, मुंबईच्या पार्लरांतून भंगारात निघालेली. चाळिशीतले बाप पोरांना घेऊन येतात. पोरं दोन मिनिटांत कंटाळतात, बाप तासभर हलत नाहीत. ही मशिनं मी नऊ वर्षं सांभाळतोय. आणि नऊ वर्षांत एकही सणासुदीची सुट्टी मी वाडीवर घरी काढलेली नाही, कारण सुट्टी आली की गर्दी, आणि गर्दी आली की रिसॉर्टचे मालक अश्विनशेठ म्हणणार, मुरारीभाऊ, तुम्ही हवेत. घरी तुळसाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी एवढंच सांगायचो: शेठ सोडत नाय.

यावेळी मात्र जायचंच होतं. तुळसाच्या गर्भाशयात गाठ निघाली होती. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात चार महिने खेटे घातल्यावर तारीख मिळाली. रविवारी सकाळी दाखल, सोमवारी ऑपरेशन. तुळसा कशाला घाबरणारी नाही, जंगलात हरवलेली म्हैस अंधारातून एकटी हाकत आणणारी बाई आहे ती. पण आठवड्यापूर्वी चुलीपुढे बसून ती म्हणाली होती, "मला आत नेतील तवा तुम्ही दाराभायेर ऱ्हावा. बाकी काय नको." वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणालो.

अश्विनशेठही हो म्हणाले. माणूस वाईट नाही. महाडच्या सुधीरला त्यांनी आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं. सुधीर टीव्ही मेकॅनिक, हात स्वच्छ, डोकं सरळ. सरळ डोक्याचीच मला भीती होती.

कारण सांगतो. या मशिनांत गेमचा बोर्ड वेगळा आणि मॉनिटर वेगळा. बोर्ड मॉनिटरला रंग पाठवतो आणि सोबत एक इशारा: आता नवी ओळ धर, आता नवं चित्र धर. त्याला सिंक म्हणतात. भाताच्या लावणीला बायका एका हाकेला ओळ धरतात ना, तसं. तो इशारा पोचला नाही की चित्र वर पळत सुटतं नाहीतर तिरपं फाटतं. बघणाऱ्याला वाटतं मॉनिटर गेला. मॉनिटर बिचारा धडधाकट असतो.

मुंबईत ज्या उस्तादाकडे मी हे शिकलो, त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, प्रत्येक मशिनात आपली एक खोड ठेवायची. मालक मेकॅनिकला महिनाभर वापरून घेतात आणि मशिनं सुरळीत झाली की हाकलतात, म्हणून ही खोड. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या वापरायच्या आणि सिंकची वायर सरळ वाटेने न्यायची नाही. दुसरा मेकॅनिक आला, त्याने पुस्तकातल्यासारखी जोडणी केली, की चित्र पळालंच पाहिजे. तो हात टेकतो, आपल्याला बोलावणं येतं. तिथले सगळेच मेकॅनिक असं करत. मी इथे आलो आणि आठही मशिनांत काळ्या वायरी घातल्या.

गाडी यायला अर्धा तास होता तेव्हा फोन वाजला.

"मुरारीभाऊ, पाच नंबर गेलं," सुधीर म्हणाला. "चित्र वर पळतंय."

"काय केलंस तू?"

"काही नाही हो. स्पीकर खरखरत होता, त्याची जोडणी नवी केली. मॉनिटरला हातसुद्धा लावला नाही."

पाच नंबरची सिंक मी स्पीकरच्या जुडग्यातून नेली होती. स्पीकरला वायरी लागतात दोन, तिथे होत्या तीन. मॉनिटरपाशी जी वायर सिंकची म्हणून दिसते ती टेपखाली मेलेली होती. सुधीरने स्पीकरपाशी तिसरी वायर बघितली असणार, फालतू म्हणून कापली असणार. त्याच्या जागी कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

एका वाक्याचं काम होतं. कापलेली वायर परत जोड. पण ते वाक्य बोललो की पुढचा प्रश्न येणार: सिंकची वायर स्पीकरमध्ये कशाला? म्हणून मी त्या सज्जन माणसाला भलतीकडे पाठवलं.

"मॉनिटरच्या मागे उभ्या चित्राचा स्क्रू आहे. तो फिरव."

फिरवला. चित्र वर पळत होतं ते खाली पळायला लागलं.

"आता आडव्याचा."

तिरपं फाटलं. मग मी त्याला बोर्डाची पट्टी काढून खोडरबराने घासायला लावली. मग म्हटलं बोर्डाचं आणि मॉनिटरचं अर्थिंग एकत्र आहे का ते मीटर लावून बघ. तो बिचारा सगळं करत होता आणि "हो भाऊ, बरोबर आहे" म्हणत होता. ते ऐकून मला त्याचाच राग यायला लागला, आहे की नाही कमाल! बाकड्यावर तुळसा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, रिपोर्टांची फाइल छातीशी धरून. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला पुढचं सगळं पाठ होतं.

मग फोनवर अश्विनशेठ आले. "मुरारीभाऊ, बाहेर वीस माणसं उभी आहेत. मी गाडी पाठवतो. वीस मिनिटं यायला, पाच मिनिटं काम. पुढच्या एसटीत बसवून देतो तुम्हाला."

पुढची मुंबई गाडी रात्री, ती तरी वेळेवर आली तर. आणि पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत कधीच संपत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? एकदा तिथे गेलो की मी तिथलाच. पण नाही म्हणायला तोंड उघडेना. वायर एकीकडे, बायको एकीकडे, मध्ये मी, असं ते झालं होतं.

चिपळूणहून येणारी गाडी स्टँडात वळली. तुळसा उठली.

"जावा तुम्ही," ती म्हणाली. "राजू येतोय पनवेलला. मी जाते एकली." राजू तिचा भाऊ.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीने म्हणाली, मलाच सोडवायला. मला इतकी लाज वाटली की तोंडातून ते वाक्य आपोआप बाहेर पडलं. गाडीची घरघर, कंडक्टरची आरोळी, त्यामुळे मी ओरडूनच बोललो.

"सुधीर, स्पीकरची तिसरी वायर जोड. कापलीस ती. तीच सिंकची आहे. मॉनिटरपाशी दिसते ती खोटी आहे. मीच तशी ठेवलीय."

पलीकडे पक्कड खडखडली. मग सुधीर हळूच म्हणाला, "आलं भाऊ. चित्र उभं राहिलं."

शेठनी फोन घेतला. "नऊ वर्षं, मुरारीभाऊ?"

"हो शेठ."

"बाकीच्या सातांत पण?"

"हो."

"सुधीरला सगळं लिहून द्या," ते म्हणाले. "पुढचं वहिनींचं झाल्यावर बोलू." आवाज चढवला असता तर मीही भांडलो असतो. त्यांनी फोन सुधीरला दिला.

आम्ही गाडीत चढलो. तुळसा खिडकीशी, मी कडेला, आणि फोन कानाला. एक नंबरची सिंक नाण्याच्या दाराच्या बिजागरीतून. दोन नंबरला लाकडी पट्टीच्या मागे एक रेझिस्टर लपवलाय, तो काढलास तर चित्र थरथरतं. चार नंबरला ट्यूबलाइटच्या वायरीसोबत. सुधीर प्रत्येक वाक्य परत म्हणून लिहून घेत होता. सात मशिनं सांगून होईस्तोवर सावित्रीचा पूल दिसायला लागला. फोन खिशात ठेवला तेव्हा अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. नोकरी गेली तर गेली. मी गाडीत होतो, तिच्या शेजारी होतो. कधी नव्हे तो दिलेल्या शब्दाला जागलो होतो.

तुळसा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या शेठला मी नऊ वर्सं शिव्या घातल्या. देवाला गाऱ्हानं घातलं त्याच्या नावानं."

मी तिकिटाची घडी घालत राहिलो.

"त्यानं नव्हतं अडकवलं तुम्हाला."

"नाय."

गाडीने गतिरोधकावर आचका खाल्ला. तिने फाइल सावरली. मग तिने मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"माझी आय गेली तवा कोनता नंबर व्हता?"

मला आठवत होतं. तिची आई बयाबाई वरंधच्या वर, त्यांच्या वाडीत गेली, दिवाळीच्या पाडव्याला. निरोप आला तेव्हा मी मशिनापाशी होतो. मशीन दुरुस्त व्हायला पाच मिनिटंही लागली नव्हती. मग शेठ म्हणाले, तुम्ही गेलात आणि परत बिघडलं तर? आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपल्यावाचून अडतं याचा मोठेपणा वाटला होता. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, राख सावडून झाल्यावर.

"तीन," मी म्हणालो.

तिने मान हलवली, बाजारात कुणी भाव सांगितल्यावर हलवतात तशी. महाडचं स्टँड जवळ आलं, माणसं पिशव्या काढायला उठली, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उतरायचं आसंल तर उतरा हितं. आता तुम्हाला कोन धरलेलं नाय."

महाडला गाडी दहा मिनिटं थांबली. माझ्या बाजूची वाट मोकळी होती. मी बसून राहिलो, आणि ती मुंबईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.