पासलीहून आलेला घोडा

भोंगवलीच्या घोड्यांच्या दवाखान्यात कुणी जनावरावर हात उगारलेला डॉक्टर अंजना गायकवाड यांना खपत नसे. त्यांचा मदतनीस हनुमंत तर घोड्यांशी लेकरांसारखा बोलायचा.

त्या सकाळी पासलीहून टेम्पोतून एक काळा घोडा आला. मागच्या पायाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. हनुमंतनं लगाम धरला आणि अंजना जखम धुवायला वाकल्या. औषध झोंबताच घोड्यानं हनुमंतचा दंड दातांत धरला, त्याला भिंतीवर आपटलं आणि खाली पाडून फरफटवलं. दात काही सुटेनात. हाड मोडल्याचा आवाज आला.

"म्याडम, मारा त्याला!" हनुमंत किंचाळला.

अंजनांनी कोपऱ्यातली पहार उचलून घोड्याच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. डोळा फुटला तेव्हा कुठं जबडा सुटला. रक्त त्यांच्या चष्म्यावर उडालं. घोडा मागं सरला, तरी त्यांनी आणखी एक घाव त्याच्या मानेवर घातला. त्या घावाची गरज नव्हती, हे त्यांना हाणतानाच कळत होतं.

लोकांनी हनुमंतला भोरच्या इस्पितळात नेलं. अंजनांनी घोड्याला भूल दिली, फुटका डोळा काढला आणि टाके घातले.

आठवड्यानं हनुमंत प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आला.

"डोळा गेला व्हय त्याचा?"

"गेला. मी फोडला."

"न्हाईतर माजा हात गेला असता." तो घोड्याला गवत टाकायला आत गेला.

अंजनांची चाहूल लागताच घोडा अंग चोरून थरथरू लागला. त्या दाराबाहेरच थांबल्या.