खंडूभाऊंची हजेरी

दोन हजार चोवीस सालच्या जुलै महिन्यात मी बहिरा झालो. त्याआधी पंधरा वर्षे माझ्या कानांबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता!

मित्रांनो, मी एक जुना रिपीटर आहे. पिंपळे सौदागरमधल्या एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये, राखाडी रंगाच्या लोखंडी कपाटात मी राहतो. माझी अँटेना मात्र त्याच्याही वर, पाण्याच्या टाकीवरच्या खांबाला बांधलेली आहे. तुम्ही मला पाहिले नसेल, पण माझे काम तुम्हाला लगेच कळेल. हौशी रेडिओवाले म्हणजे परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेली आणि छंद म्हणून बिनतारी संचावर बोलणारी माणसे. त्यांच्या लहानशा संचाचा आवाज चार इमारती ओलांडता ओलांडता दमतो. तो दमलेला आवाज मी उचलतो आणि त्याच क्षणी, थोड्या वेगळ्या लहरीवर, दणदणीत करून चहूकडे सोडतो. चाकणमध्ये कुणी हळूच खाकरले तरी ताथवड्यात शेजारी बसल्यासारखे ऐकू येते, ते माझ्यामुळे.

आता यातली अवघड गोष्ट सांगतो. तुम्ही एका वेळी एक तर बोलता, नाहीतर ऐकता. मला दोन्ही एकदम करावे लागते, आणि माझे तोंड आणि कान एकाच अँटेनाला जोडलेले आहेत! माझाच आवाज माझ्या कानात घुसू नये म्हणून मध्ये हातभर उंचीचे तांब्याचे सहा डबे बसवले आहेत. ते डबे इंदुताईंनी केले.

इंदुताई लातूरकडच्या. लग्न होऊन पिंपरीत आल्या आणि एका कंपनीत विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करू लागल्या. केसाएवढ्या तारेचे हजार वेढे न चुकता घालणारे ते हात. दोन हजार नऊ साली त्यांनी भंगारात निघालेले रेडिओ टॅक्सीचे दोन संच आणले. एकाचा केला माझा कान, दुसऱ्याचे केले माझे तोंड. भोसरीच्या वर्कशॉपमधून तांब्याचे नळ कापून आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहा रविवार डाग देऊन त्यांचे डबे जोडले. घरची माणसे जेवायला हाका मारत, तेव्हा त्या म्हणत, "एवढा एक डबा होऊ द्या." माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला तेव्हा त्या ओट्याला टेकून लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. ते हसू मी विसरलेलो नाही.

कंपनीत पाळी सुरू होताना हजेरी घेतात ना, तशी इंदुताई रोज सकाळी सात वाजता माझ्यावरून हजेरी घेऊ लागल्या. त्यांचा एक नियम होता. सगळ्यांत लांबचा, सगळ्यांत बारीक आवाज आधी. तो ऐकू आला म्हणजे बाकीच्यांची काळजी नाही.

म्हणून पहिले नाव खंडूभाऊंचे.

खंडूभाऊ चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये एकवीस वर्षे होते. पत्र्यावर साचा आदळला की नुसत्या आवाजावरून ते सांगत, साचा झिजलाय की बोल्ट सैल झालाय. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि नोकरीही गेली. घरात बसून बसून माणूस कोमेजत चालला होता. इंदुताईंनी फोनवरून शिकवून त्यांना परवान्याच्या परीक्षेला बसवले. पास झाल्यावर पहिल्या हजेरीला इंदुताईंनी विचारले, "चाकण, खंडूभाऊ?" आणि इतक्या मोठ्याने उत्तर आले की माझा काटा थरारला: "हाय ताई, हाय!"

त्यानंतर रोज सकाळी सातला ते "हाय ताई, हाय!" मी चहूकडे पोचवले. खंडूभाऊ आदल्या रात्रीच बुशशर्ट काढून ठेवतात, हजेरीला उघड्या अंगाने बसत नाहीत, असे त्यांच्या पत्नी चिमाबाई सांगत.

आणि मग तो जुलै उजाडला.

"चाकण, खंडूभाऊ?"

"हाय ता..." एवढे मी ऐकले. नेहमीप्रमाणे ते पुढे पोचवायला तोंड उघडले, आणि तापल्या तव्यावर पाणी पडावे तशी माझ्या कानात चरचर उठली! खंडूभाऊ गडप. कानावर काही पडेना म्हणून मी तोंड मिटले. मिटताच चरचर थांबली आणि पुन्हा तो बारीक आवाज आला, "ऐकू येतंय..." मी तोंड उघडले. पुन्हा चरचर! उघडायचे, मिटायचे, उघडायचे, मिटायचे. ज्यांनी कान लावले होते त्यांना शब्द एकही मिळाला नाही. मिळाले ते इतकेच: कट्... कट्... कट्...

"कोण भावा, सकाळी सकाळी बटणाशी खेळतंय?" हा गणराज. माझ्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणारा, आयटीतला. "कामधंदा नाही का?"

इंदुताईंचाही पारा चढला. "जो कोणी खोडी काढतोय, त्याने लाज बाळगावी," त्या म्हणाल्या. "हा रिपीटर म्हणजे पोरखेळ नाही."

मित्रांनो, ते शब्द चाकणला मीच नेऊन पोचवले. खणखणीत, एक अक्षर न गाळता. माझे तोंड तेवढे शाबूत होते.

खंडूभाऊंनी सगळे ऐकले. बटण दाबून आपण बोलत असताना आपला संच मुका असतो, त्यामुळे आपले काय झाले ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी एवढाच अर्थ लावला की आपला संच बिघडला, त्याने लोकांना त्रास होतो, आणि लाज आपण बाळगायची आहे. त्यांनी संच बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला.

इंदुताईंनी फोन केला तेव्हा चिमाबाईंनी उचलला. "संच बिघडलाय म्हणत्यात. ऱ्हाऊ द्या म्हणत्यात," त्या म्हणाल्या आणि आवाज खाली आणून पुढे बोलल्या, "ताई, माणूस बुशशर्ट बी घालंना झालंय."

तरीही इंदुताईंनी हजेरीचा क्रम बदलला नाही. रोज आधी, "चाकण, खंडूभाऊ?" मग दहा आकडे मोजण्याइतका वेळ शांतता. मग पुढचे नाव. ती शांतता चहूकडे पोचवणे मला फार जड जात होते.

माझ्यात काही बिघाड असेल असे कुणाला वाटले नाही, कारण जवळच्या माणसांचे आवाज मोठे. ते माझ्या चरचरीवर मात करून आत येत. गणराज सातव्या मजल्यावरून बोलला की मी ठणठणीत!

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, इंदुताईंनी आम्रपालीला चाकणला धाडले. आम्रपाली आमच्या हजेरीतलीच, ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मुलांचे पेपर शनिवारीच संपले होते. तिने हत्यारांची पिशवी घेतली आणि तळवड्याच्या रस्त्याने, कंटेनरांच्या रांगेतून स्कूटर काढत सकाळी दहाला खंडूभाऊंच्या दारात पोचली. पुढचे तिने इतक्यांदा सांगितले आहे की मला पाठ आहे.

खंडूभाऊंनी संच टॉवेलात गुंडाळून तयारच ठेवला होता.

"घेऊन जा पोरी. तुझ्या कॉलेजातल्या मुलांना सुटे भाग व्हतील."

"काका, आधी बघू तर द्या."

"बघायचं काय त्यात? आमचं संपलं."

आम्रपालीने मीटर लावला. काटा सरळ पूर्ण ताकदीवर जाऊन उभा राहिला! तिने पुन्हा पाहिले. मग स्वतःचा हातातला संच सुरू करून दारात उभी राहिली.

"काका, बोला. हजेरी असल्यासारखं बोला."

खंडूभाऊ बोलले आणि आम्रपालीच्या हातातून आवाज आला: कट्... कट्... कट्...

"अहो काका!" ती जवळजवळ किंचाळलीच. "ते खोडी काढणारे तुम्ही होता? तुमचा संच धडधाकट आहे! बिघडलाय तो आमचा रिपीटर!"

तिने लगेच इंदुताईंना फोन लावला. इंदुताई ऐकत राहिल्या आणि मग एकच वाक्य बोलल्या, "म्हणजे लाज बाळग म्हणाले, ती खंडूभाऊंना?" पंधरा मिनिटांत त्या रिक्षाने माझ्या इमारतीखाली होत्या आणि गणराजच्या दाराची बेल वाजत होती.

काय ती धावपळ! लिफ्ट बाराव्यापर्यंतच येते, शेवटचा जिना अडुसष्ट वर्षांच्या इंदुताई गुडघ्यावर हात दाबत चढल्या. कपाट उघडले. फोन माझ्या डोक्यावर ठेवला. पलीकडे आम्रपाली आणि खंडूभाऊ.

"खंडूभाऊ, बोलत राहा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

"काय बोलू ताई?"

"काहीही! सकाळपासून काय खाल्लंत ते सांगा."

इंदुताईंनी आधी माझी ताकद कमी केली. अगदी कुजबुजण्याइतकी. आणि मित्रांनो, तीन आठवड्यांनी मला अख्खे वाक्य ऐकू आले! "...दोन भाकरी, मेथीची भाजी, अन् चिमाबाईनं मिरची जास्त घातलेली..."

"आला! आला!" गणराज ओरडला.

ताकद वाढवली. चरचर! खंडूभाऊ गडप. कमी केली, परत आले. इंदुताईंनी मान हलवली. "याचाच आवाज याला बहिरा करतोय. माझ्या डब्यांनी दगा दिला की काय?"

त्यांनी एकेक डबा चाचपला, एकेक जोडणी सोडवून पुसली. डबे जागच्या जागी होते. नवी केबल लावली आणि गणराजला त्याच्या संचावर बोलायला लावले. चरचर तशीच. गणराजने कपाळाचा घाम पुसला. पश्चिमेकडून ढग चढत होते आणि वारा वाढत होता.

तेवढ्यात फोनमधून खंडूभाऊ म्हणाले, "ताई, एक बोलू का? गणराज मघाशी त्याच्या संचावरून बोलला, तवा मी रिपीटर ऐकत हुतो. फोनमधी वाऱ्याची झुळूक घोंगावली की खरखर येती, झुळूक गेली की कमी व्हती. आमच्या प्रेसमध्ये बोल्ट सैल झाला की असंच व्हायचं. वर काय तरी हलतंय बघा."

इंदुताईंनी छताकडे पाहिले. "गणराज, शिडी."

"काकू, वारा बघा ना!"

"सकाळी सकाळी कामधंदा नाही का, असं कोण म्हणालं होतं? हा घे कामधंदा. पट्टा बांध कमरेला. थांब, आधी याचं तोंड बंद करते, मग चढ."

त्यांनी माझे बोलणे बंद केले. मला आता फक्त ऐकू येत होते. गणराजच्या बुटांचा टाकीवर आवाज. मग खांबाची धडधड. मग वरून त्याचा पडलेला स्वर आला.

"काकू... ही तार आपलीच आहे."

"कसली तार?"

"खंडेनवमीची. हाराची."

"काप ती," इंदुताई म्हणाल्या.

खंडेनवमीला कंपनीतली यंत्रे पुसून त्यांना हार घालतात. इंदुताई निवृत्त झाल्या तरी त्यांची ती सवय सुटली नव्हती. दर वर्षी मला हळदकुंकू आणि झेंडूचा हार! आदल्या वर्षी त्यांना वाटले, कपाटाला घालतो, मग अँटेनाने काय घोडे मारले? दोरा त्या वाऱ्यात टिकणार नाही म्हणून त्यांनीच बांधकामावरची बारीक लोखंडी तार आणली आणि गणराजला वर चढवून बजावले, "घट्ट आवळ रे, उडून जाईल." फुले दिवाळीपर्यंत वाळून झडली. तार राहिली. उन्हात तापली, पावसात गंजली, आणि वाऱ्याने अँटेनाच्या पट्टीवर घासू लागली. मी बोललो की त्या गंजक्या सांध्यात बारीक ठिणग्या पडत आणि त्यांचाच कल्लोळ माझ्या कानात शिरे.

सहा डबे, केबल, बॅटरी, सगळे त्यांनी तपासले होते. मायेने बांधलेली वस्तू तपासायची असते हे त्यांच्या मनात आले नाही.

गणराजने तार कापून खाली आणली. तिला झेंडूची दोन काळी देठे अजून चिकटलेली होती. त्याने पट्टी घासून पुसून लख्ख केली. इंदुताईंनी माझी ताकद पुरती वाढवली, संच हातात घेतला आणि घसा खाकरला. भर दुपारी साडेबारा वाजता त्यांनी हजेरी सुरू केली.

"चाकण, खंडूभाऊ?"

मग तो बारीक आवाज माझ्या कानावर पडला. मी भीतभीत तोंड उघडले. चरचर नाही! कान स्वच्छ! आणि मी तो आवाज सगळ्या औद्योगिक पट्ट्यावर, कारखान्यांच्या पत्र्यांवरून, देहूच्या पलीकडे, ज्याने ज्याने संच चालू ठेवला होता त्याच्या घरात नेऊन ओतला:

"हाय ताई, हाय!"

"खंडूभाऊ," इंदुताई म्हणाल्या, "लाज बाळगा असं मी या संचावरून म्हणाले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून सगळ्यांसमोर परत घेते. खोडी माझीच होती."

"ऱ्हाऊ द्या ताई," खंडूभाऊ म्हणाले. "जरा थांबा, बुशशर्ट घालून येतो."

त्या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले आहे. आम्रपालीने कॉलेजात रेडिओची मंडळी जमवली आणि खंडूभाऊ महिन्यातून एकदा त्यांना शिकवायला जातात. नुसत्या कानाने बिघाड कसा धरायचा ते. सुट्या भागांसाठी निघालेला त्यांचा संच अजून चालतो आणि हजेरीला पहिले नाव अजून त्यांचेच आहे. चिमाबाईंनीही परीक्षेची पुस्तके उघडली आहेत, "दिवसभर ह्येंचंच का ऐकायचं?" असे म्हणत. गणराज अजून टिंगल करतो, पण हवेत नुसते कट् वाजले तर आधी विचारतो, "कोण अडकलंय? थांबा, ताकद कमी करून ऐकतो." इंदुताईंना आता तो शेवटचा जिना चढवत नाही. कपाटाच्या चाव्या त्यांनी आम्रपालीकडे दिल्या. ती गंजकी तार मात्र माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे, दार उघडणाऱ्याला आधी दिसावी म्हणून.

आता माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. घरातल्या, शाळेतल्या यंत्रांवर तुम्ही प्रेम करता, ते करा. पण प्रेमाने जे बांधाल, ते पुढच्या पावसाआधी एकदा सोडून बघा. आणि कुणाकडून नुसते कट् कट् ऐकू आले, तर त्याला रागवण्याआधी स्वतःचे कान तपासा. पलीकडे कुणीतरी जीव तोडून "हाय, हाय" म्हणत असेल.

या खंडेनवमीलाही मला हार आला. सुती दोऱ्यात ओवलेला, कपाटाच्या कडीला बांधलेला. संध्याकाळी गणराजने तो आठवणीने सोडून नेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कान टवकारून चाकणकडे लावले.