भरतीच्या वेळी दूरदर्शन

विद्युतचुंबकीय लहर एकदा प्रक्षेपकावरून निघाली की या विश्वात तिला कोणी थोपवू शकत नाही. तिला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, रस्ता लागत नाही. विझून गेलेल्या ताऱ्याकडूनसुद्धा ती निमूटपणे येत राहते. हे आम्हाला वाशीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षी शिकवलं गेलं आणि शिकवणाऱ्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. जवळच्या सारसोळे गावाला उधाणाची भरती आली की मात्र वरळीच्या दूरदर्शन केंद्राहून निघालेली लहर मालतीबाईंच्या घरात शिरत नसे.

मालतीबाई म्हणजे आमच्या वर्गातल्या हिरामणची काकू. काका गोटीराम. खाडीवर होडी, खाडीला लागून घर, आणि जमीन गेल्यावर जो मोबदला आला त्यातला काही भाग ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या रूपाने कोनाड्यात बसलेला. घराच्या मागे सिडकोच्या इमारती उठत होत्या, म्हणून काकांनी अँटेना घरावर न लावता धक्क्याशी रोवलेल्या जुन्या डोलकाठीवर चढवली होती. तिथून मुंबईपर्यंत मधे काही नाही, नुसतं पाणी, असा त्यांचा हिशेब. ओहोटीला चित्र आरशासारखं यायचं. उधाणाला आधी बातम्या देणाऱ्या बाईंच्या नाकाशेजारी दुसरं नाक उगवायचं, मग पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि मग नुसत्याच मुंग्या. घरातल्या घरात मालतीबाईंना खाडी बघायची गरजच उरली नव्हती. दुसरं नाक दिसलं की त्या काकांना हाळी द्यायच्या, "होरी वर घ्या, पानी चरलं."

गावातला पहिला इंजिनीअर घरात तयार होत असताना टीव्ही असा वागत होता, ही गोष्ट गावाला खुपत होती. हिरामण धक्क्यावरून जायला लागला की कोणीतरी विचारायचं, "क र हिरामन, चार वरसं काय शिकतंस? येक टीवी नाय नीट करता येत?" यावर हिरामण शांतपणे सांगायचा की टीव्हीत दोष नाही. दोष खाडीत आहे.

हे तो टोलवायला म्हणत नव्हता. हिरामण मुळातच त्या विषयात बुडालेला होता. आम्हा बाकीच्यांना इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स म्हणजे ज्यात नापास होतात तो पेपर, एवढंच माहीत होतं. आमचं कॉलेज नवं होतं. प्रयोगशाळेसाठी खोली होती, खोलीला कुलूप होतं आणि कुलपाआड काही नव्हतं. त्यामुळे क्षेत्रं आणि लहरी हवेत काढाव्या लागत. शिकवायला सोनटक्के सर होते. मारोती सोनटक्के, नांदेडकडचे. डावा हात ते विद्युतक्षेत्र म्हणून वर धरायचे, उजवा चुंबकीय क्षेत्र म्हणून आडवा, आणि लहर कुठल्या दिशेला जाणार हे हनुवटीने दाखवायचे. हनुवटी नेमकी खिडकीकडे जायची. खिडकीबाहेर खारफुटी, तिच्यापलीकडे खाडी, आणि त्यापलीकडे धुरकट मुंबई. आम्ही सगळे तिकडे बघत बसायचो. सरसुद्धा. नोकरीसाठी वाशीला येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि खाडी हा समुद्राचा फक्त हात आहे हे कळल्यावरही त्यांचं समाधान कमी झालं नव्हतं.

सिग्नल प्रोसेसिंगही तेच शिकवायचे. कितीही गुंतागुंतीचा आवाज असो, तो साध्या, गोल, एकसुरी लहरींची बेरीज असतो, हे त्यांनी एकदा सांगितलं. आम्ही ते परीक्षेत येईल म्हणून उतरवून घेतलं. हिरामणने ते खरं मानलं. मासळीच्या लिलावाचा कालवा, पुलावरून जाणारे ट्रक, काकूचं भांडण, सगळ्याच्या आत कुठेतरी हे शांत, गोल सूर एकमेकांच्या अंगावरून जात आहेत, असं त्याला ऐकू यायला लागलं. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी तो धक्क्याच्या टोकाला बसायचा. चिखल चकाकत असायचा, बगळे सारख्या अंतरावर उभे असायचे, आणि बातम्या, गाणी, शेतीविषयक सल्ला हे सगळं अंधुक उजेडातून त्याच्या छातीमधून आरपार जात असायचं. त्याला ते जाणवायचं म्हणे. मी एकदा त्याच्याशेजारी बसून पाहिलं. मला डास जाणवले.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचं असतं. आमच्या कॉलेजची प्रथा अशी, की मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचं, तिथे तयार किट मिळायचं, ते कसंबसं जोडून आणायचं आणि वर आपलं नाव चिकटवायचं. त्या वर्षी बहुतेकांनी डिजिटल घड्याळ आणलं. काहींनी पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा आणली. हिरामण सरांकडे गेला आणि म्हणाला, मला भरतीचा दूरदर्शनवर होणारा परिणाम सिद्ध करायचाय. उपकरण म्हणून खाडी वापरणार.

सोनटक्के सरांनी त्याच रविवारी सारसोळं गाठलं. मालतीबाईंनी बोंबील तळले. सरांनी आयुष्यात प्रथम बोंबील खाल्ले आणि मग खडू नसल्यामुळे चुलीतल्या राखेत बोटाने आकृती काढली. वरळीहून एक किरण सरळ अँटेनाकडे येतो. दुसरा खाली झुकतो, पाण्याला शिवतो आणि उसळून तिथेच येतो. दोघांची पावलं जुळली तर चित्र ठसठशीत. एकाचं पाऊल वर आणि दुसऱ्याचं खाली पडलं तर दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात. पाणी वर आलं की दुसऱ्या किरणाची वाट बदलते. आणि मग दुसरं नाक, आणि मग मुंग्या. राखेतलं समीकरण इतकं देखणं उतरलं होतं की मालतीबाईंनी त्या दिवशी चूल दुसरीकडे मांडली.

आता सगळं या प्रोजेक्टवर होतं. ते नामंजूर झालं तर हिरामणचं वर्ष जाणार होतं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीने निकालापर्यंत राखून ठेवलेली जागाही. आणि गावात तो कायमचा टीव्ही नीट न करता आलेला इंजिनीअर राहणार होता. हे टळायचं तर एकच गोष्ट घडायला हवी होती. बाहेरचे परीक्षक घरात बसलेले असताना चित्र बिघडायला हवं होतं.

सरांनी तारीख विचारली, तेव्हा हिरामणने तिथी सांगितली. सारसोळ्यात पाण्याचा हिशेब तारखेने करत नाहीत. पौर्णिमेला दुपारी पाणी तुडुंब असतं, आणि दुपारीच विद्यापीठ अनुदान आयोगाचा शैक्षणिक कार्यक्रम लागतो. सरांनी कॅलेंडरात पौर्णिमा शोधली, तिची तारीख विद्यापीठाला कळवली आणि विद्यापीठाने ती मंजूर केली. मग विद्यापीठाने सगळ्या तोंडी परीक्षा आठवडाभर पुढे ढकलल्या. कारण दिलं नाही. विद्यापीठाला ते लागत नाही.

सरांना यात काही वावगं वाटलं नाही. हिरामणला कळलं ते पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शिपायाकडून. तो धावत सरांकडे गेला. सर म्हणाले, "अरे, भरती रोज येते की. काय पौर्णिमेलाच येते काय?"

भरती रोज येते हे खरंच होतं. नांदेडकडे तर ती कधीच येत नाही, त्यामुळे रोज येणं हेच त्यांना पुरेसं वाटलं. पण आठवड्याने तिथी झाली अष्टमी. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, आणि संध्याकाळी जी भरती येते तिला गावात भांग म्हणतात. म्हणजे पाणी येतं, पण मन लावून येत नाही.

बाहेरचे परीक्षक सांगलीकडचे होते. सकाळपासून त्यांनी घड्याळंच घड्याळं पाहिली होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती. सारसोळ्याला ते आनंदाने आले; जेवण तिथे आहे हे त्यांना सांगितलेलं होतं. मालतीबाईंनी त्यांना टीव्हीसमोरच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. मागे सोनटक्के सर, दारात अर्धं गाव. कार्यक्रम लागला. ज्वालामुखीबद्दल काहीतरी इंग्रजीत चाललं होतं.

चित्र इतकं स्वच्छ होतं की लाव्हारसाचा एकेक थेंब मोजावा. सारसोळ्याच्या इतिहासात असं चित्र आलं नव्हतं. निवेदकाच्या कोटाचं बटण सैल झालेलं दिसत होतं. लोक एकमेकांकडे खिन्नपणे बघू लागले.

"चित्र तर छान आहे," परीक्षक म्हणाले.

"होय सर," हिरामण म्हणाला. "ते बिघडायला पाहिजे."

परीक्षकांनी वळून सोनटक्के सरांकडे बघितलं. सरांनी दोन्ही हात वर केले, डावा उभा, उजवा आडवा, आणि हनुवटीने खाडी दाखवली. खाडी फार लांब गेली होती. मधे चिखल पसरला होता, ऊन पडल्यामुळे चांदीचा झालेला.

"मेलं आजच कसं यवढं सोच्च दिसतंय," मालतीबाई पुटपुटल्या आणि टीव्हीला एक चापट मारली. एरवी चापटीने बिघडायचं. आज बिघडलं नाही.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. जेवण झाल्यावर त्यांना पनवेलहून गाडी पकडायची होती. हिरामण बाहेर आला आणि धक्क्यावर जाऊन उभा राहिला. वारा पडला होता. दूर एक होडी चिखलात कलून झोपली होती. नंतर तो मला म्हणाला, की त्या क्षणी त्याला दोन्ही किरण दिसले. एक वरून सरळ येत होता आणि दुसरा चिखलाच्या चांदीवर हलकेच पाय टेकवून उसळत होता, आणि दोघे अँटेनाच्या टोकाशी हातात हात घालून पोचत होते. अगदी एका पावलात. त्याला इतकं बरं वाटलं की वर्ष गेलं तरी चालेल असं एकदा मनात येऊन गेलं. मग त्याच्या लक्षात आलं, की प्रश्न पाण्याच्या उंचीचा नाहीच. प्रश्न पाणी आणि अँटेना यांच्यामधल्या अंतराचा आहे. पाणी वर येत नसेल तर अँटेना खाली येऊ शकते.

त्याने काकांना हाक मारली आणि अँटेना खाली घ्यायला सांगितलं.

गोटीरामकाका बिडी ओढत बसले होते. "आरं, लोकं आनटेना वर चरवतान," ते म्हणाले. "तुजं शिकशान उलटंच हाय क?"

"काका, घ्या ना खाली. दोन पुरुष उंचीइतकी तरी."

काकांनी डोलकाठीचा दोर सोडला. ज्या दोराने कधीकाळी शीड उतरवलं जायचं त्याच दोराने अँटेना सावकाश, झोके घेत खाली यायला लागली. तिच्यामागची चपटी वायर सैल झाली आणि लोंबत खारफुटीत गेली. बगळे थोडे बाजूला सरकले. धक्का ते घर अशी मधे माणसं उभी होती. मालतीबाई दारातून सांगायच्या आणि ते एकामागून एक हिरामणपर्यंत पोचायचं. अजून साफ हाय. अजून साफ हाय. अजून. मग निरोप आला, की नाकाला नाक फुटलं.

त्यानंतर ज्वालामुखीवर मुंग्या चढल्या, आणि बघता बघता ज्वालामुखी गेला.

सारसोळ्यात टीव्ही बंद पडल्यावर टाळ्या वाजल्या, अशी ही एकच वेळ. सोनटक्के सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. परीक्षक खुर्चीवरून उठून धक्क्यावर आले, अँटेनाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, आणि हिरामणचा हात हातात घेतला. "माझ्या नोकरीत," ते म्हणाले, "विद्यार्थ्याने समीकरणाला हात लावून हलवलेलं मी पहिल्यांदा बघतोय." मग सरांकडे वळून म्हणाले, हे छापायला पाठवा.

जेवणात कोलंबी होती. परीक्षकांनी दोनदा वाढून घेतली, गाडी सोडून दिली, आणि हिरामणला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. पुढे सरांनी ते समीकरण नीट मांडून एका परिषदेला पाठवलं. ते छापून आलं. दोघांची नावं, खाली सारसोळे. गावात हिरामणला टीव्हीवरून बोलणं बंद झालं. दोष खाडीत आहे हे आता सरकारी माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला कंपनीतली जागाही मिळाली.

परीक्षक गेले त्याच संध्याकाळी काकांनी अँटेना परत वर चढवायला घेतली. वायर खारफुटीच्या मुळांत अडकली होती, म्हणून त्यांनी ती हिसडून ओढली. धक्क्याच्या फळीखालून वायरचा जोड बाहेर आला. दोन तुकडे नुसते पिळून त्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. तांबं हिरवं पडलेलं, आणि पिशवीत खारं पाणी भरलेलं. फळीखाली उधाणाला पाणी लागतं, म्हणजे दर उधाणाला हा जोड बुडायचा. आज वायर सैल सुटल्यावर तो तिच्याबरोबर खालच्या डबक्यात पडला होता. काकांनी तो कापून टाकला आणि वाशीच्या मार्केटातून सलग वायर आणून घातली.

तेव्हापासून उधाणालाही चित्र स्वच्छ येतं.