मार्गरित केव्हियोंचा माग

एदविज त्रांशमोंतान्य एकोणऐंशी वर्षांची होती आणि तिच्या हाती चार दिवस उरले होते. शुक्रवारी कुळाचे पुस्तक छापखान्यात जाणार होते, आणि त्यात मूळपुरुष एतिएनच्या नावापुढे तिचा चुलतभाऊ फिलियास 'पिता अज्ञात' असे छापणार होता.

एतिएनच्या १७९८ सालच्या लग्ननोंदीत आईबापांची नावे होती: जोसेफ त्रांशमोंतान्य आणि मार्गरित केव्हियों. पण हा जोसेफ कोणत्याच चर्चच्या दफ्तरात सापडत नव्हता. त्याचा जन्म नाही, लग्न नाही, मरण नाही.

"पाद्रीबुवांनी पोरीची अब्रू झाकली, दुसरं काय!" फिलियास म्हणाला. "बाप कागदावरच जन्मला आणि कागदावरच मेला."

"आपल्याच घरातल्या बाईबद्दल बोलतोयस. जीभ आवर."

"जीभ आवरतो. पुरावा आण."

'डोंगर कापणारा' या अर्थाच्या त्या आडनावाचा एदविजच्या वडिलांना फार अभिमान. ते आयुष्यभर तेच नाव शोधत राहिले, आणि त्यांच्यामागे चाळीस वर्षे तीही. चूक तिथेच होती. त्या काळी पुरुष फौजेत गेला की त्याला टोपणनाव मिळे. मग एकाच घरात थोरला मुलगा मूळ आडनाव लावी आणि धाकटा बापाचे टोपणनाव. बाई मात्र बारशापासून दफनापर्यंत बापाच्याच आडनावाने नोंदली जाई. एदविजने बेलिल नावाच्या माणसाशी पन्नास वर्षे संसार केला. सही अजून माहेरचीच होती.

"जोसेफला सोडायचं," ती स्वतःशी म्हणाली. "मार्गरितला धरायचं."

मंगळवारी ती नदीपलीकडच्या, केव्हियों घराण्याच्या गावच्या दफ्तरखान्यात जाऊन बसली. यंत्राच्या पडद्यावर जुन्या नोंदवह्यांची पाने सरकवत ती प्रत्येक आईचे नाव तपासू लागली. बुधवारी दुपारी मार्गरित केव्हियों सापडली: १७६२ साली विवाह, नवरा जोसेफ जेर्व्हे, शिपाई. पुढे मुलांची बारशी, आणि १७७० साली एतिएन.

गुरुवारी फिलियास स्वतः आला. चष्मा पुसून त्याने पुढची पाने पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"घे तुझा एतिएन. सात महिन्यांचा असताना पुरला. मेलेलं पोर लग्न कसं करणार, एदविज?"

पण तिने खुर्ची सोडली नाही.

"आपल्या आजीच्या दोन मुलींचं नाव काय होतं?"

"दोघींचंही फ्लोरिदा. पहिली गेली म्हणून दुसरीला—" फिलियास थांबला.

"बोल की! गेलेल्या लेकराचं नाव रिकामं ठेवत नाहीत. सरक बाजूला."

तिने पाने पुढे नेली. १७७१ कोरे गेले. १७७२ मध्ये एक मुलगी. १७७३ च्या मार्च महिन्यात पाद्रीबुवांनी जरा सविस्तर लिहिले होते: 'एतिएन, जोसेफ जेर्व्हे उर्फ त्रांशमोंतान्य व मार्गरित केव्हियों यांचा वैध विवाहातील पुत्र.'

फिलियासने ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे आपण मुळात जेर्व्हे? तुझ्या वडिलांचा तो डोंगर शिपायाच्या टोपणनावातला?"

वडिलांचा चेहरा एदविजच्या डोळ्यांपुढे येऊन गेला.

"हो. तसंच छाप. बाप आहे, आई आहे, लग्नही लागलेलं आहे."

"अगं, पण या गावात जेर्व्ह्यांची पन्नास घरं आहेत! भाऊबंद म्हणून पुस्तकात घातले, तर कुळाच्या रविवारच्या जेवणालाही बोलवावे लागतील."

"मग मांस भरलेले पाव जास्त भाजायला सांग," ती म्हणाली आणि नोंदीचा वही-क्रमांक त्याच्या हातावरच लिहिला. "छापखान्याला फोन लाव. माझ्यासमोर."